चाळणीतलं ऊन

“ऊन उंबऱ्याशी आलं, सावली जात्यामागं गेली,” असं म्हणत मावशी आम्हाला उठवायची. परवा कोळवणच्या एसटीत पुढच्या बाकावर सासू-सून बोलत होत्या, आणि तोच सूर पुन्हा कानी आला.

“आत्याबाई, पाच फोटो पाठवले, त्यातला एक बावधनच्या प्रदर्शनात लागलाय!”

“भगुन्याचा का?”

“न्हाई. ते तुमी घासून लख्ख केलं. मग काजळीवरचा उजेड कुटनं गावायचा?”

“मग काय, काळं भांडं लोकांना दाखवायचं?”

“चाळणीचा लागलाय! चाळणीतनं ऊन पडलंय, भिंतीवर जाईचा सडा घातल्यावानी. सगळ्यात पुढं टांगलाय म्हणं.”

“लई चांगला हाय?”

“लई! पण कवा काढला, आठवतच न्हाई बघा.”

“खाली नाव कुणाचं?”

“माझंच की! आज समद्यांपुढं बोलवून हार घालणारेत. तुमी का वो खिडकीभाईर बघताय?”

“गौतमे, तू भात लावायला गेलतीस, फोन घरीच ऱ्हायला हुता.”

“मग?”

“तो फोटो मी काढलाय. तू हसशील म्हणून बोलले न्हाई.”