वरवंट्यानं दाबलेले आलू

आता तुमीच सांगा, चार आलू वरवंट्यानं दाबले त्यात मी कोनाचा खून केला का? आमची आत्याबाई... म्हंजे सासू हो माई... अशी वरडली, मले वाटलं घरात सापच निंगाला! "अवं योगिनीचे माय! तो तिचा भाऊ होय नं!" मले तं धस्सच झालं, बाई!

कोन भाऊ? एकच तं पोट्टी माया पदरात!

थांबा, पयलेपासून सांगते. माई योगिनी तीन वर्साची, अन् खात काईच नाई. घास गालात धरते अन् घरभर फिरते. अंगणवाडीच्या सपनाताईनं कार्डावर बोट ठेवलं, "वजन पिवळ्या पट्ट्यात आहे, ताई. बुधवारी पुन्हा काट्यावर घेऊ. जरा खाऊ घाला." जरा! तवापासून मायाच घशाखाली घास उतरेना!

मंग मोबाईलात पाह्यलं. बारके आलू मिठाच्या पान्यात उकडायचे, एकेक दाबून चपटा करायचा, तेल सोडून कुरकुरीत भाजायचा अन् वरनभातासंग वाढायचा. लेकरं म्हने तुटून पडतात! त्या व्हिडिओतल्या बाईजवळ मोठी भट्टी होती, आपल्याजवळ तवा. वाटीनं दाबाले गेली तं आलू टुन्नकन उडाला, सीधा बादलीत! म्हून घेतला पाट्यावरचा वरवंटा, धुतला, पयला आलू दाबला... फच्च! अन् तेवढ्यात ते वरडनं!

आत्याबाईचं म्हननं काय, तं बारशाले हाच वरवंटा कुंची घालून योगिनीसंग पायन्यात निजवला होता. भाऊ म्हून! "अन् त्याले आलूवर आपटून राह्यली? लाज नाई वाटत?"

मी म्हटलं, "आत्याबाई, अन् तुमी रोज त्याच्याचनं मिरच्या रगडता तवा?"

"ते घरचं काम होय! हे मोबाईलचं होय!"

घ्या! बोला आता! मी तसेच बाकीचे आलू दाबले अन् तव्यावर टाकले.

इकडं योगिनी दारात उभी, डोये एवढाले. "आई, माया भाऊ?" गेली, वरवंटा पोटाशी धरला, बसली ताटावर. तव्यावरचे आलू निंगाले होते, कडा अशा लाल लाल, तिखटमीठ भुरभुरलेलं... एक उचलला, वरवंट्याले लावला, "खा रे भाऊ." मंग सोताच्या तोंडात. कुर्रम! अन् गिळला! गिळला हो! एक, दोन, चार... सात आलू! वरून वरनभात! आत्याबाई पदरानं डोये पुसून राह्यली, "भावानं खाऊ घातलं वं तिले."

तवापासून दोन ताटं लागतात. भाऊ बसल्याशिवाय घास नाई. बुधवारी अंगणवाडीत काट्यावर बी दोघंच चढले. सपनाताई किंचाळली, "आठ दिवसांत अडीच किलो?" मले तं पुन्हा धस्स! पोरीनं पांघरलेल्या ओढणीखालून वरवंटा काढला, तवा कुठं समजलं, पोरगी पावशेर वाढली. पावशेर तं पावशेर! हिरव्या पट्ट्याले टेकली नं!

खुशीत घरी आली, तं आमचे हे ताटावर बसलेले. "जवसाची चटणी कर नं वाटून. आठ दिवस झाले, काहून बंद केली?"

मी पाट्याकडं पाह्यलं. पाटा रिकामा. तिकडं आत्याबाई झोळीचा दोर ओढून राह्यली, ओठावर बोट ठेवून म्हने, "हळू बोल, जगदेव! दोघांचाबी आताच डोया लागला."

यायनं कोरडी भाकर खाल्ली, मीबी खाल्ली. काय करता? निजलेल्या लेकराले चटणीसाठी उठवता थोडी येते!