तारखेची जागा कोरी

मी कंधारकडली. कंधारपासून दोन कोसावर आमचं गाव, नाव कशाला घेऊ, तिथं आता आमचं कोनी न्हाई. माझ्या बापानं बौद्ध झाल्यावर देव्हाऱ्यातले टाक नेऊन मन्याडच्या डोहात सोडले आन घरात बाबासाहेबाचा फोटू आनला, तव्हा मी पाळन्यात होते म्हनं. माय लई कडक, तोंडाची फटकळ, तिचीच जीभ मला आली असं आमचे हे म्हनायचे. बहात्तरला शाळा सुटली ती सुटलीच, खडी फोडली, सुकडी खाल्ली, आन पानी पडलं त्या साली लगीन झालं. नवरा मॅट्रिक पास, कलेक्टर कचेरीत कारकून. माय म्हनली, पोरी, सावलीत पडलीस. आता सावलीत काय काय असतं ते तिला तरी काय ठावं.

तर लातूर जिल्हा नवा झाला तव्हा ह्यांची बदली उस्मानाबादेहून लातूरला झाली. आवक-जावकचं टेबल. म्हंजे कचेरीत येईल त्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, तारीख घालायची आन रजिस्टरला चढवायचा. दिसभर तेच. त्या कामानं ह्यांना अशी सवय लागली होती की कागद कसला का असंना, लग्नाची पत्रिका असंना, मजकुराच्या आधी तारीख बघनार. मी हसायचे. म्हनायचे, मी मेले तर रडायच्या आधी पंचांग बघताल तुमी.

नवा जिल्हा म्हंजे सारे नवे मानसं, साऱ्यांना खोल्या पायजेत. आमाला मिळाली गंजगोलाईच्या मागं, माडीवरची, एक खोली, आन नळ खाली. पाऊस दोन वरसं झाला नव्हता. नळ कव्हा येईल नेम न्हाई, आला की सात घरच्या बाया आन एक तोटी. भरलेली घागर घेऊन सतरा पायऱ्या. काय सांगू तुमाला, त्या पायऱ्यांनी माझे दोन लेकरं खाल्ले. एक तिसऱ्या महिन्यात गेलं, एक पाचव्यात. पाचव्यातला मुलगा होता. तिसऱ्यांदा दिवस ऱ्हायले तव्हा डॉक्टरीनबाई ह्यांना समोर बसवून म्हनली, हे लेकरू पायजे असंल तर हिला तांब्या बी उचलू देऊ नका, गर्दीतून काढा, शांत जागा बघा, पानी दारात असंल अशी.

आता दुष्काळात दारात पानी, आन ते बी किरायानं. हे रोज कचेरी सुटली की सायकल घेऊन हिंडायचे, ऐतवारी मला डबलशीट घेऊन. चांगले घरं होते की. लोकं बी गोड बोलायचे. नाव काय, आडनाव काय, गाव कोनतं. आमचं आडनाव असं की ते मराठ्यात बी हाय आन आमच्यात बी हाय. मग हळूच, म्हंजे तुमी कोनापैकी. हे खोटं बोलायचे न्हाईत. झालं, मग त्यांच्या भाच्याला खोली लागायची. एका बाईनं तर आधी चहा पाजला आन मग इचारलं, मग माझा कप कुठं ठेवावा हेच तिला सुधरंना, धरून उभी. मी म्हनले, बाई, द्या, मीच धुते. वाटंनं मला हसू बी आलं आन रडू बी आलं.

आमी मीठ-गूळ ज्या दुकानातून घ्यायचो ते अप्पाचं दुकान. अप्पा म्हंजे लिंगायत, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलायला मऊ. त्यानं ह्यांना एकदा इचारलं, साहेब, तोंड का उतरलंय. ह्यांनी सांगितलं. तर म्हनला, अहो माझं शेतातलं घर रिकामं हाय की, औशाच्या रस्त्याला, फाट्यापासून हाकेवर, सायकलीनं पाऊन तास. दारात ईर हाय, बारा महिने पानी. ऱ्हावा. आन जात इचारली न्हाई. सारं लातूर इचारतं आन हा इचारत न्हाई, तिथंच आमाला कळायला पायजे होतं, पन तहानेल्या मानसाला काय कळतं.

घर चांगलं होतं हो, खोटं कशाला बोलू. दगडी, थंडगार, तीन खोल्या, दोन आमाला आन तिसरीला कुलूप. कुलूप बी एक न्हाई, एका कोयंड्याला दोन. मी इचारलं, दोन कशाला. अप्पा म्हनला, भावाचं सामान हाय. ईर कठड्याची, रहाट असलेली, पानी वाकून दिसंल इतकं वर. चहूबाजूंनी वावरं भेगाळलेले आन हिथं पानी. अप्पानं स्टॅम्पावर करार केला, आमी म्हनलो कशाला एवढं, तर म्हनला कायद्यानं असावं, आन त्यात ह्यांचं नाव, हुद्दा, जात, सारं लिहून घेतलं. मग इचारलं, बाबासाहेबाचा फोटू हाय ना तुमच्याकडं. गल्लीत आमी तो पेटीत ठेवला होता. अप्पानं स्वता खिळा ठोकला, ओसरीवर, रस्त्यावरून दिसंल असा, आन हार घातला. जाताना मोठ्यानं म्हनला, जयभीम साहेब. वावरातले दोघं-तिघं वळून बघायले. ह्यांचे डोळे भरून आले. म्हनले, असे बी मानसं हायत बघ. मी बी मान हालवली. आमचीच चूक, दुसऱ्याला काय बोल लावू.

हे सकाळी नऊला निघायचे. मग मी एकटी, आन ती शांतता. डॉक्टरीनबाईनं मागितली होती ना, भरपूर होती. कोनी येत न्हाई, कोनी बोलत न्हाई. गावाच्या बाया सरपन घेऊन जायच्या त्या आमच्या बांधावरून न जाता पार खालून वळसा घालायच्या. मी हाक मारली तर बघायच्या न्हाईत. मला वाटलं जातीपायी, त्याची सवय होती, त्याचं काय एवढं. पन हे तसलं न्हवतं. जातीपायी जे लोकं टाळतेत ते तोंड वाकडं करतेत. ह्या भ्यायच्या. आन समोर रस्त्यापलीकडं बाभळीखाली एक मानूस रोज येऊन बसायचा, पटका बांधलेला, पन्नाशीचा. काम न्हाई, धंदा न्हाई, घराकडं बघत बसायचा, दिस कलला की उठून जायचा. शिवी न्हाई, शब्द न्हाई. पोटातलं लेकरू हालायला लागलं होतं तव्हा. मी ओसरीवर बसनं सोडलं.

सातवा लागला त्या आठवड्यात भर दुपारी एक बाई आली. म्हनली, माझी शेळी आली का हिकडं. शेळी-बिळी काही न्हवती. ती त्या बाभळीखालच्या मानसाची बायको, म्हंजे अप्पाची धाकटी भावजय. उंबऱ्याबाहेर उभी ऱ्हायली, पोटाकडं बघितलं आन म्हनली, तुला हिथं कशाला ठेवलंय, ठावं हाय का. मी म्हनले, किरायानं ऱ्हातो आमी. ती म्हनली, हे घर, ही ईर दोघा भावाची. वाटनीचा दावा चालू हाय. आमाला हाकलायचं तर कसं, म्हनून तुमाला आनलं. माझ्या मालकानं तुमच्या अंगाला बोट लावलं की केस, जेल, आन जिमीन थोरल्याची. मी म्हनले, मग लावू नका बोट. तर ती म्हनली, आमी न्हाईच लावनार, बाई. आमी लावत न्हाई म्हनून तर भ्या वाटून राहिलंय. आमचं न्हाई लागलं तर थोरलाच लावील.

एवढं बोलून गेली. वाघाच्या शिकारीला बकरं बांधतेत, तसं झालं माझं.

हे आले तव्हा सांगितलं. ते चिडले. म्हनले, भावकीतलं भांडन हाय, कान भरून राहिली तुझे, ज्यानं बाबासाहेबाला हार घातला त्याच्यावर संशव घेतीस. आन जायचं कुठं, त्या सतरा पायऱ्यावर. खरं होतं ते बी. गेलं तर घागर, ऱ्हायलं तर हे.

ऐतवारी अप्पा आला. गूळ-शेंगदाने घेऊन आला, पोटुशीला खाऊ म्हनून. ओसरीवर बसला, मला इचारलं, त्या लोकांनी काही तरास दिला का, जातीवरून काही बोलले का. मी म्हनले, न्हाई. म्हनला, देतील. मग खिशातून कागद काढला, टाईप केलेला, आन ह्यांना म्हनला, हिथं एक सही करून ठेवा, तुमच्याच भल्यासाठी, येळेला धावपळ नको. ह्यांनी कागद घेतला, आन सवय ना, आधी तारीख बघितली. तारखेची जागा कोरी. मग वाचलं. मोठ्यानं न्हाई वाचलं, पन ह्यांचं तोंड मी बघत होते, ते पिठावानी पांढरं झालं. मग कागद वळवून मला दाखवला. कलेक्टर साहेबाला अर्ज. लिहिलं होतं की अमक्यानं, म्हंजे त्या भावानं, आमाला जातीवरून शिवीगाळ केली आन आमी पानी भरू नये म्हनून इरीत इखारी औषध टाकलं, आन त्या पान्यानं माझ्या गरोदर पत्नीच्या जिवाला, आन पुढं जागा सोडलेली.

हे म्हनले, अप्पा, असं काही झालंच न्हाई.

अप्पा म्हनला, अजून न्हाई झालं.

इतकं मऊ बोलला तो, सुपारी घेता का म्हनल्यावानी. मी आत गेले, पेटी भरायला घेतली. ह्यांनी सही केली न्हाई. उद्या बघू म्हनले आन अप्पाला वाटंला लावलं. त्याच दिवशी दिस असताना आमी फाट्यावर होतो, फोटू मी पदरात गुंडाळला होता. कळशीतलं पानी सारं सांडून दिलं, घोटभर बी घेतलं न्हाई, लातूरपर्यंत तसेच कोरड्या घशानं.

परत त्याच गल्लीत. पन ह्या येळेला हे स्वता नळावर उभे ऱ्हायले. बाया हसायच्या, कारकूनसाहेब घागर घेऊन आले म्हनून. हसू दे. चावी दुकानात नेऊन दिली तव्हा अप्पा एवढंच म्हनला, घाई केली साहेब.

महिन्याभरानं ह्यांनी सांगितलं, त्या घरात दुसरे आले. जिल्हा परिषदेतला शिपाई आन त्याची बायको, नवं लगीन, आपल्यातलेच. मी म्हनले, जाऊन सांगा त्याला. हे म्हनले, काय सांगू, पुरावा काय, अप्पाची वर ओळख हाय, माझी नोकरी जाईल, आधी तुझं बाळंतपन होऊ दे. आन मी, एवढी फटकळ मी, मी काय म्हनले. मी म्हनले, बरं.

पोरगी झाली. चांगली झाली, साडेपाच पौंडाची. सव्वा महिना व्हायचा होता, तर हे भर दुपारी घरी आले, चपला न काढता पलंगावर बसले. म्हनले, कागद आला. मी म्हनले, कसला. म्हनले, तोच. अक्षर न् अक्षर तोच, नाव निराळं, आन तारीख घातलेली. आन सोडलेल्या जागेत ती शिपायाची बायको मेल्याचं टाईप केलेलं. म्हनले, मी शिक्का मारला, नंबर टाकला, रजिस्टरला चढवला. मग लहान लेकरावानी रडले. मी पोरीला पाजत होते, पाजतच ऱ्हायले.

त्या भावाला धरून नेलं. कोर्टात पुढं काय ठरलं मला ठावं न्हाई, मी इचारलं न्हाई. जिमीन अप्पाकडं ऱ्हायली एवढं ऐकलं. औषध कोनी टाकलं त्याचा दाखला माझ्याकडं न्हाई, पन मला ठावं हाय. हे साहेबाकडं जाऊन सांगतो म्हनायचे, रिटायर होईपर्यंत म्हनायचे. गेले न्हाईत. आता तर तेच न्हाईत.

मी लेकीकडं ऱ्हाते, नांदेडला, विष्णुपुरीकडं. ती कॉलेजात शिकवती. चांगली हाय माझी, देव मानत न्हाई मी पन कुनाची नजर लागू नये. लहानपनापासून तिला एवढंच सांगितलं की तू पोटात असताना आमी एका घरातून पळालो, म्हनून तू वाचलीस. ती कौतुकानं सांगती लोकांना, माझ्या आईनं मला वाचवलं. पुढचं मी तिला कव्हाच सांगितलं न्हाई, की एका तोंडच्या शब्दानं दुसरी बी वाचली असती. आता तुमी लिहून घेऊन राहिलाव, तर ती वाचंल. वाचू द्या बापा.