मागून मिळत नाही तो दुवा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय राघोत्तम राव, प्रमुख पाहुण्या अलकनंदाताई, सत्कारमूर्ती उपेंद्रराव आणि सौ. ऋचा, व्यासपीठावरचे ज्यांची नावं पत्रिकेत छापली गेली ते मान्यवर, ज्यांची राहून गेली ते अधिक मान्यवर, आणि पंख्याखालच्या खुर्च्या वेळेआधी येऊन धरलेल्या माझ्या चतुर बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. माझ्या कुटुंबाने, म्हणजे सुनंदाबाईंनी, घरून निघतानाच पाच केली. दोघांचाही मान राखून मी पंधरा मिनिटांत आटोपतो.

उपेंद्रराव उद्या दुपारच्या गाडीने चेन्नई सोडून पुण्याला जात आहेत. आपल्या मंडळाचं संकेतस्थळ तीन वर्षं त्यांनी एकट्याने सांभाळलं. त्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे, त्याचं कुलूपही त्यांच्याकडे. आणि त्या संकेतस्थळावरचं एक पान आज रिकामं आहे. ते उद्या दुपारच्या आत परत जागेवर आलं नाही, तर पुन्हा कधी येईल असं मला वाटत नाही. ते पान सईबाईंचं. सईबाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्या आज आपल्यासाठी आलेल्या नाहीत, ऋचासाठी आल्या आहेत, हे त्यांनी दारातच मला सांगितलं. ते पान रिकामं का झालं, हे मी सांगणार आहे, कारण ते मी रिकामं केलं.

पण आधी सत्कारमूर्तींचं कौतुक. समारंभ त्यांचा आहे.

उपेंद्ररावांची कचेरी गिंडीला. एका बाजूला बोल्ट बनवणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला पंपाचा, आणि मध्ये यांचा, लेखांचा. हसू नका, तिथे खरोखर लेख बनतात. माणशी दिवसाला बारा. मी एकदा पाहून आलो. एक मुलगी 'दात शुभ्र कसे ठेवावेत' या विषयावरचा अकरावा लेख लिहीत होती आणि दाताखाली पेन्सिल चावत होती. मी विचारलं, "बाळ, हे वाचतं कोण?" ती म्हणाली, "अंकल, वाचायला नाही, गूगलसाठी आहे." तीस वर्षं मी केंद्र सरकारच्या कार्यालयात राजभाषा अधिकारी होतो. कुणीही वाचणार नाही अशा मजकुराचा माझाही अनुभव दांडगा. मला त्या पोरीबद्दल एकदम आपुलकी वाटली.

तर अशा तज्ज्ञाने आपलं संकेतस्थळ हाती घेतलं. तेव्हा गूगलवर चेन्नई आणि मराठी हे दोन शब्द टाकले की आपण सातव्या पानावर यायचो. सातव्या पानावर कोण जातं? ज्याचं काही हरवलंय तोच. उपेंद्ररावांनी निदान केलं की आपल्या मजकुरात महत्त्वाचे शब्द कमी आहेत. मग आपलं स्वागतपर निवेदन असं झालं: "चेन्नई मराठी मंडळ हे चेन्नईतील मराठी लोकांचे चेन्नईमधील मराठी मंडळ आहे." त्या वर्षीच्या गणेशोत्सवात आपल्या तेव्हाच्या अध्यक्षांनी हेच वाक्य कागदावरून वाचलं, आणि लोकांना वाटलं माइकमध्ये बिघाड आहे.

तेवढ्याने भागेना. मग उपेंद्ररावांनी सांगितलं की खरी पत असते ती बॅकलिंकची. म्हणजे दुसऱ्याने आपल्या पानावरून आपल्याकडे बोट दाखवायला हवं. अशी बोटं जितकी जास्त, तितके आपण वर. आता ही बोटं आणायची कुठून? तर देवाणघेवाणीने. तुम्ही आमच्याकडे दाखवा, आम्ही तुमच्याकडे दाखवतो. त्यामुळे आपल्या गणेशोत्सवाच्या पानाखाली 'आमचे स्नेही' या मथळ्याखाली अमेरिकेतले चौदा दंतवैद्य, एक कुत्र्यांना शिस्त लावणारी शाळा आणि एक फरशीवाला येऊन बसला. मी हरकत घेतली, तेव्हा उपेंद्रराव म्हणाले, "काका, उत्सव एकदंताचा आहे, दंतवैद्य काही अगदीच परके नाहीत."

बॅकलिंकला मराठी शब्द हवा, म्हणून कार्यकारिणीची बैठक झाली. मी 'पृष्ठसंयोग' सुचवला. बैठकीतल्या महिला सभासद उठून चहा करायला गेल्या. मग राघोत्तम राव शांतपणे म्हणाले, "दुवा म्हणा की." दुवा! साखळीतल्या दोन कड्या जोडतो तो दुवा. सगळ्यांना पटलं. सईबाई त्या दिवशी ऋचाबरोबर सहज येऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "दुवा म्हणजे आशीर्वाद की?" उपेंद्ररावांनी घाईघाईने समजावलं, "नाही आजी, हा वेगळा. हा मागून मिळतो." म्हणजे पाठीमागून. सईबाई म्हणाल्या, "मागून मिळते ती भीक. दुवा कुठला मागून मिळतो?"

सगळे हसले. मी इतिवृत्तात लिहिलं, 'शब्दार्थाविषयी किरकोळ चर्चा झाली.'

सईबाई कोण, हे नव्या सभासदांसाठी सांगतो. त्यांचं घराणं तंजावरचं. आपण बदलीवर येतो आणि दर पावलाला 'आमच्याकडे असं नसतं' म्हणतो. त्या दहा पिढ्या इथल्याच. नुंगंबाक्कमला उपेंद्ररावांच्या शेजारी राहतात. मराठी त्यांची घरची, पण देवनागरी वाचायची सवय नाही. ऋचा लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला दुकानात साधे पोहे मागता येईनात. सईबाईंनी तिला शिकवलं, आणि ती ते वहीत उतरवत गेली. पोह्यांना अवल. शेंगदाण्यांना वेरकडलै. साबुदाण्याला जव्वरिसी. ज्वारीला चोळम, ओव्याला ओमम. ते नुसते शब्द नव्हते, प्रत्येकाबरोबर सईबाईंचं बोलणं होतं. एक दिवस संकेतस्थळावर घालायला काहीच नव्हतं, दंतवैद्यसुद्धा संपले होते, म्हणून उपेंद्ररावांनी ती वही जशीच्या तशी चढवली. नाव दिलं, 'सईबाईंची दुकानबोली'.

आणि मंडळी, त्यानंतर गंमत झाली. नागपूरच्या एका मुलीने आपल्या ब्लॉगवर लिहिलं, 'नवऱ्याची चेन्नईला बदली झालीय, मी रडत होते, हे पान वाचा.' रेल्वेतल्या लोकांच्या एका चर्चापीठावर कुणी ते टाकलं. हैदराबादच्या मंडळाने त्याच्याकडे बोट दाखवलं, न विचारता. अमेरिकेतल्या एका बाईंनी दाखवलं, त्या दंतवैद्य नव्हत्या. चार महिन्यांत एकेचाळीस दुवे. एकही मागितलेला नाही. आपण सातव्या पानावरून पहिल्या पानावर आलो. उपेंद्रराव घरी येऊन म्हणाले, "काका, दहा वर्षं हा धंदा करतोय, न मागता आलेला दुवा पहिल्यांदा पाहिला." त्यांचे डोळे भरले होते. पुण्याच्या नव्या नोकरीच्या मुलाखतीतही त्यांनी हेच पान दाखवलं. म्हणजे गिंडीत बनलेल्या दहा वर्षांच्या लेखांनी जे केलं नाही, ते एका पोह्याच्या चौकशीने केलं.

इथे कुठल्याही शहाण्या मंडळाने काय केलं असतं? पानाला हात लावला नसता. आपण काय केलं? शुद्धलेखन समिती नेमली. अध्यक्ष, अर्थात, मी.

माझं म्हणणं असं की एवढे लोक पाहतात, तर मंडळाची इभ्रत राहायला नको? हे काय, 'तूं म्हण', 'तूं हस'? मी लाल पेन्सिल घेऊन तीन दिवस बसलो. राघोत्तम राव, तुम्ही स्वतः तंजावरचे. तुम्ही एवढंच म्हणालात, "कृष्णाजी, त्या असंच बोलतात." आणि मी म्हणालो, "असं बोलतात, पण असं लिहीत नाहीत." किती समाधान झालं होतं मला हे वाक्य सुचल्याचं!

आता माझं कर्तृत्व ऐका. सईबाईंनी सांगितलं होतं, "कडैत जाऊन वेरकडलै म्हण." कडै म्हणजे इथे दुकान. मला वाटलं, ऋचाच्या हातून ढ राहिला. मी दुरुस्त केलं, "कढईत जाऊन शेंगदाणे मागावेत." अवल हा शब्द मला अव्वलचा अपभ्रंश वाटला. म्हणून, "पोहे अव्वल मागावेत." ओमम म्हटल्यावर तर मी गहिवरलो. सुधारित आवृत्तीत होतं, "पोट दुखत असल्यास कोमट पाण्याबरोबर ॐ घ्यावा."

हसा, हसा. अलकनंदाताई, आपणही हसा, संकोच नको.

पेरंबूरला नव्याने बदली होऊन आलेले आपले विजयकुमार यांनी हे पान छापून खिशात ठेवलं. भाकरीसाठी ज्वारी हवी होती. सईबाईंचा चोळम मी केला होता चोळी. टी. नगरच्या गर्दीत हा गृहस्थ वाण्यापुढे उभा राहून मोठ्याने चोळी मागतो आहे! वाण्याने सभ्यपणे समोरच्या साड्यांच्या दुकानाकडे बोट केलं. तिथे त्यांच्यापुढे सोळा ब्लाउजपीस उलगडले गेले. नाही म्हणायला तमिळ येत नव्हतं, म्हणून दोन घेऊन घरी आले. वहिनी खूश झाल्या, पण भाकरी काही झाली नाही.

शिवाय मला पानाचं नावही उथळ वाटलं. मी ते 'व्यवहारोपयोगी परिशुद्ध शब्दसंग्रह' केलं, आणि हट्टाने पानाचा पत्ताही बदलायला लावला. उपेंद्रराव विनवत होते, "काका, पत्ता नको, दुवे तुटतील." मी म्हणालो, "जे शुद्ध आहे ते टिकतं." दुसऱ्या दिवसापासून एकेचाळीस ठिकाणांहून येणाऱ्या माणसांना एकच उत्तर मिळू लागलं, 'पान सापडत नाही.' एकेचाळीस घरांनी लोकांना आमचा पत्ता दिला, आणि आम्ही दार उचलून मागच्या गल्लीत नेलं. महिन्याभरात आपण सातव्या पानावर परत आलो. दंतवैद्य तेवढे निष्ठेने राहिले.

ते असो. सातवं पान मला सोसतं. जे सोसत नाही ते आता सांगतो.

चोळीची गोष्ट सईबाईंच्या कानावर गेली. त्यांनी ऋचाला नवं पान वाचून दाखवायला सांगितलं. पूर्ण ऐकलं. मग मला निरोप पाठवला नाही, स्वतः आल्या. आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मढ्यास न्हाऊ घालतात तसें स्वच्छ केलांत माझें बोलणें. माझें नांव काढून टाका." पाणीसुद्धा घेतलं नाही. आम्ही नाव काढलं, आणि नावाबरोबर पानही काढावं लागलं. त्याला आता आठ महिने झाले. त्या मंडळात आल्या नाहीत.

त्या रात्री सुनंदाने मला ऋचाची मूळ वही मागून आणायला लावली. आम्ही चौऱ्याहत्तर साली इथे आलो. मी कचेरीत जायचो, आणि ही बावीस वर्षांची मुलगी दुकानात उभी राहून बोटाने वस्तू दाखवायची. एकदा दुकानातली माणसं हसली. त्यानंतर महिनाभर ती बाहेर पडली नाही, आणि मी तिला अनमान सोडून दे म्हणून उपदेश केला. वहीतलं एक बोलणं तिने माझ्यापुढे धरलं. ते मी तांबड्या रेघेने खोडलेलं होतं, समासात शेरा होता, 'विषयांतर, अनावश्यक.' ती म्हणाली, "हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर?"

ते बोलणं मी आता वाचतो. एकही मात्रा न बदलता.

"कडैत जाऊन बोटें दाखवूं नको. अवल म्हण. चुकलीस तर तो हसेल. तो हसला की तूंही हस. उद्यां तोच तुला हाक मारील."

लोकांनी दुवे दिले ते या बोलण्याला, मंडळी. पोह्यांचा शब्द कुठल्याही शब्दकोशात मिळतो. मी नेमकं तेवढंच कापलं होतं.

आज दुपारी, उपेंद्ररावांच्या घरी खोकी बांधणं चाललेलं असताना, आम्ही दोघांनी बसून वहीतलं सगळं पुन्हा उतरवलं आहे. जुन्या नावाने, जुन्या पत्त्यावर. संगणक इथे टेबलावर उघडा आहे, एक कळ दाबायची बाकी आहे. पण पानावर लेखिकेचं नाव लागतं, आणि ते त्यांच्या परवानगीवाचून लागणार नाही. म्हणून मी भर सभेत मागतो आहे. मागून मिळते ती भीक, हे मला ठाऊक आहे. मी भीकच मागतो आहे, सईबाई.

उपेंद्रराव, ऋचा, पुण्यात सुखी राहा. पुण्यात पोहे मागायला शब्द लागत नाही, तरी अवल विसरू नका. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि ध्वनिक्षेपकाचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्या. मात्र आजवर केलेल्या चुकांची क्षमा मी नेहमीच मागत आलो. आज मागतो ती मी दुरुस्त केलेल्या चुकांची.

काय म्हणालात, सईबाई? जरा मोठ्याने... सुनंदा, काय म्हणाल्या त्या?

सेरी. सेरी म्हणाल्या, म्हणजे बरं, चालेल! उपेंद्रराव, दाबा ती कळ.

आणि चिटणीस, इतिवृत्तात हा शब्द 'सेरी' असाच लिहा. तो तपासायला माझ्याकडे पाठवू नका.