शिकलेली नको

वडील: अहो बाई, मी परत सांगतो, तुमची काहीतरी गफलत होतेय. माझी मुलगी या हॉस्पिटलच्या वरच्या ऑफिसात असते. घरी चष्मा विसरली म्हणून सलून बंद करून आलो, तर वरच्या लोकांनी मला इथे तळघरात, धुलाईखान्यात धाडलं!

सुपरवायझर: गफलत कसली? उंच, लांब वेणी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, तीच ना? ती बघा तिकडे, चादरींच्या ढिगामागे. घड्या घालायच्या टेबलावर. चांगला हात आहे तिचा.

वडील: घड्या? छे छे. अहो, ती पदवीधर आहे.

सुपरवायझर: काय आहे म्हणालात?

वडील: पदवीधर. इतिहास विषय घेऊन. आमच्या सलूनमध्ये आरशाशेजारी तिचा काळ्या झग्यातला फोटो लावलाय. निकालाच्या दिवशी आल्यागेल्याची दाढी फुकट केली मी. ज्यांनी सकाळी घरी केली होती, तेसुद्धा येऊन बसले!

सुपरवायझर: आणि मला म्हणाली, बारावी. तोंडावर विचारलं होतं मी. ए मुली, इकडे ये जरा. राहू दे ती चादर.

मुलगी: बाबा? तुम्ही इथे कसे?

वडील: हा घे चष्मा. आणि सांग यांना तू कोण आहेस ते.

सुपरवायझर: मीच विचारते. तुझे वडील म्हणतात, तू पदवीधर आहेस. खरं का?

वडील: खरंच आहे. त्यात विचारायचं काय?

मुलगी: बाबा, थांबा ना जरा.

सुपरवायझर: हे बघ, नियम मी केलेला नाही, पण मला पटलेला आहे. या टेबलावर पदवीवाली नको. आम्ही शिकवायचं, आणि हात बसला की बाई ऑफिस शोधत पसार. मागची तर ऑपरेशनच्या चादरी भिजत टाकून गेली, वर डॉक्टर खोळंबले, बोलणी मी खाल्ली. खोटं बोलून आलेलीला त्याच दिवशी घरी पाठवायचं, हेही तुला सांगितलं होतं. प्रेस तापलाय, तेवढा बंद करून येते. आल्यावर सरळ उत्तर हवंय मला.

(सुपरवायझर बाई वाफेच्या प्रेसकडे जातात. बाप-लेक ढिगाशेजारी उभे.)

मुलगी: हळू बोला. सगळ्या बघतायत.

वडील: बघू देत. मला म्हणालीस, फायली बघते.

मुलगी: म्हणाले.

वडील: मी रोज विचारायचो, आज फार काम होतं का गं? तू म्हणायचीस, ढीगभर होतं.

मुलगी: ढीग तर होताच.

वडील: थट्टा करतेस बापाची?

मुलगी: नाही हो. लाज वाटली की असं काहीतरी निघतं तोंडातून.

वडील: मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत बसलो. मान खाली करा, जरा डावीकडे वळा, आणि माझी मुलगी ऑफिसात आहे बरं का.

मुलगी: किती ऑफिसांचे उंबरे झिजवले, बाबा. तिथे म्हणाले, नुसती पदवी घेऊन काय करायचं, अनुभव आण. मग दुकानांत गेले. तिथे म्हणाले, एवढी शिकलेली, तू काही टिकायची नाहीस. तेलही गेलं, तूपही गेलं. इथे बारावी सांगितली, तर लगेच म्हणाल्या, उद्यापासून ये.

वडील: मग त्या पदवीचा उपयोग तरी काय? खरं सांग.

मुलगी: मला माहीत नाही. वर्गात बरं वाटायचं. तिथे मला कुणीतरी विचारायचं, तुला काय वाटतं? तेवढ्यासाठी तरी मला ती हवी होती. पण त्यावर चूल पेटत नाही.

वडील: चल घरी. दोन घास कमी खाऊ.

मुलगी: आणि फोटोकडे बघत बसू? तुमचा हात थरथरतो आता. वस्तरा धरता तेव्हा गिऱ्हाईक श्वास रोखून बसतं. मी पाहिलंय.

वडील: तू कधी पाहिलंस?

मुलगी: पुष्कळदा. बोलले नाही. पुढच्या महिन्यात मला इथे कायम करणार आहेत, बाबा. आता घर त्यावरच चालायचं. त्यांना सांगा, तुम्ही फुशारकी मारलीत म्हणून.

वडील: मी?

मुलगी: माझ्यावर आता त्यांचा विश्वास बसायचा नाही. तुमच्यावर बसेल.

वडील: दुसरं काहीही माग, पोरी. आपल्या घरात तूच तेवढी शिकलीस. तुझ्या आजोबांना सही येत नव्हती, मी सातवीत शाळा सोडली. आणि तीच गोष्ट मी माझ्या तोंडाने पुसू?

मुलगी: माहीत आहे मला काय मागतेय ते. तुमच्या तोंडाकडे बघवत नाही. तरी मागतेय.

सुपरवायझर: (प्रेस बंद करून परत येत) हं, झालं का ठरवून? बोल गं.

वडील: तिला नका विचारू, बाई. चूक माझी आहे. पदवी नाही तिच्याकडे. मी आपला सांगत सुटतो. आमचा धंदाच असा, कात्रीबरोबर जीभही चालते.

सुपरवायझर: आणि तो झग्यातला फोटो?

वडील: झगा... भाड्याने आणला होता. माझीच हौस. तिला नको होतं.

सुपरवायझर: कॉलेजात गेलीच नाही?

वडील: गेली. दुसऱ्या वर्षाला नापास झाली.

सुपरवायझर: कशात?

मुलगी: इतिहासात.

वडील: इतिहासातच. खूप समजावलं. पण अभ्यासात डोकं नाही तिला.

सुपरवायझर: असं म्हणू नका हो, उभी आहे ती इथे. बघा, डोळे भरले तिचे. जा गं मुली, टेबलावर जा. आणि तुम्ही, असं खोटं सांगत फिरू नका, मुलीच्याच पोटावर पाय येतो.

वडील: नाही सांगणार पुन्हा.

सुपरवायझर: मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांच्याच पोरांना नाही जमत शिकायला.

वडील: हो ना. आमच्यात तर कुणालाच नाही जमलं.