शिट्टी गेली का?

मिस्त्री: …आणि हे दोन्ही गाण्याचे डबे या एवढ्याशा पिकअपमध्ये बसवायचे?

गाडीवाला: बघा तुम्ही, बसत असतील तर.

मिस्त्री: बसतील. मग माणूस बसणार नाही. सीटच्या मागे चार बोटं जागा, त्यात तुमचा जॅक, तुमचा पाना, आणि ही काय, उशी?

गाडीवाला: कंबर धरते.

मिस्त्री: वय झालं. थांबा जरा, हा अ‍ॅम्प्लिफायर मी ओळखतो. झाकणाला तीन स्क्रू एकसारखे आणि चौथा चपट्या डोक्याचा. तो मी लावलाय. तुमच्या पहिल्या टॅक्सीतले ना हे? तीस वर्षं झाली असतील.

गाडीवाला: एकतीस.

मिस्त्री: डबे जुने आणि हे ‘तुम्ही’ तेवढं नवीन. ‘अरे’ म्हणायचास मला.

गाडीवाला: तेव्हा येणं-जाणं होतं, मिस्त्री.

मिस्त्री: असं का. बरं. मग मीही अहो-जाहोच चालू ठेवतो, फिट्टंफाट. उचलून बघा, वजन आहे अजून. आताचे डबे उचला, आत नुसती हवा. वर लिहिणार दोन हजार वॅट आणि देणार चाळीस. यावर पन्नास लिहिलंय ना, तर पन्नासच देणार. होते कुठे इतकी वर्षं?

गाडीवाला: अक्काच्या माळ्यावर.

मिस्त्री: तरीच गंज नाही. अक्काच्या हातात गेलेली वस्तू कधी वाया गेली नाही. मी काम शिकत होतो तेव्हा चार वर्षं तिच्याकडे जेवलो. सख्खा भाऊ तुम्ही, पण आधी मला वाढायची. तुम्हाला राग यायचा.

गाडीवाला: यायचा.

मिस्त्री: कशी आहे ती?

गाडीवाला: मी दोन कामांसाठी आलोय. आधी हे होऊ दे, मग दुसरं बोलतो.

मिस्त्री: दोन्ही डबे नकोत, एकच बसवू. छोट्या गाडीची बॅटरी आहे ही, आणि हे जुने डबे पोटभर खातात. दोघांना जेवायला घातलंत तर सकाळी गाडी ढकलायला माणूस शोधाल. मागे काय नेता हल्ली?

गाडीवाला: काचा. खिडक्यांच्या, आरशांच्या. वेग चाळिसाच्या वर नेता येत नाही. चार चार तास एकटा असतो केबिनमध्ये. इंजिनाशी किती बोलायचं माणसाने?

मिस्त्री: मग धमधमाट नकोच, काचा तडकतील. गाणं नीट ऐकू आलं म्हणजे झालं. सरका, आत वाकू द्या मला.

गाडीवाला: मिस्त्री, ते डबे असेच नाही सापडले. तिची खोली रिकामी केली आम्ही, तेव्हा सापडले.

मिस्त्री: हं, हं. दहाचा पाना द्या.

गाडीवाला: …घ्या.

मिस्त्री: लाल वायर सरळ बॅटरीवर, मध्ये फ्यूज. काळी सीटच्या बोल्टला. झालं. डबा जुना असला की काम सोपं असतं. लावा गाडी चालू. हं, गाणं लावा. बघा. याला म्हणतात आवाज.

गाडीवाला: शिट्टी येतेय.

मिस्त्री: कसली?

गाडीवाला: बारीक. रेस केली की चढते, सोडली की उतरते. ही ऐका. चढली. आता उतरली.

मिस्त्री: शिट्टीबिट्टी काही नाही.

गाडीवाला: गाण्याच्या मागे आहे. गाणं बंद करतो. आता?

मिस्त्री: आता तर काहीच नाही. गाणं बंद केल्यावर काय येणार? एका वर्षात चार जणांनी हेच गाऱ्हाणं केलं. एकाने तर माझी फिटिंग दुसरीकडे जाऊन उघडवून घेतली. लोकांना भांडायला निमित्त लागतं, एवढंच.

गाडीवाला: मी भांडायला नाही आलो. इथे रस्त्याचा गोंगाट आहे. गाडी मागे दुकानाच्या भिंतीला घेतो, तिथे नीट ऐका.

मिस्त्री: घ्या. मी तोवर हत्यारं उचलतो.

गाडीवाला: अहो! अहो मिस्त्री! अरे बाजूला हो!

(पिकअप करकचून थांबते.)

गाडीवाला: मरशील ना लेका! हातभर अंतर राहिलं होतं.

मिस्त्री: सांगून मागे घ्यायची ना.

गाडीवाला: रिव्हर्सचा बझर वाजतोय की. गिअर अजून काढलेला नाही मी, अजून वाजतोय. समोरच्या शिंप्याने मान वर करून बघितलं, आणि तू बझरच्या पुढ्यात वाकून पक्कड शोधतोयस.

मिस्त्री: तुझ्या गाडीला बझर कुठाय?

गाडीवाला: ये इकडे. इथे हात ठेव, नंबरपाटीच्या वर. काही लागतंय?

मिस्त्री: थरथरतंय.

गाडीवाला: ऐकू येतंय?

मिस्त्री: …हात काढू का आता?

गाडीवाला: काढ. केव्हापासून आहे हे?

मिस्त्री: काय केव्हापासून? तुझं बोलणं येतंय की ऐकू. शब्दन् शब्द.

गाडीवाला: मी समोर उभा आहे म्हणून. मघाशी तू आत वाकला होतास तेव्हा मी तुला एक गोष्ट सांगितली. ‘हं, हं, दहाचा पाना द्या’ म्हणालास.

मिस्त्री: पाना तर लागतच होता. काय सांगितलंस?

गाडीवाला: सांगतो. बारीक आवाज जातात आधी. माझ्या सासऱ्यांचं तसंच झालं होतं, ढोल ऐकू यायचा आणि कुकरची शिट्टी नाही.

मिस्त्री: म्हणजे ती चार माणसं…

गाडीवाला: खरं बोलत होती.

मिस्त्री: त्यातल्या एकाला मी म्हणालो, आधी कान तपासून घ्या.

गाडीवाला: शाबास.

मिस्त्री: हसू नकोस. कानावर जगलो मी. दुसरं येतं काय मला?

गाडीवाला: हसत नाहीये. तुझ्या घराची बेल कसली आहे?

मिस्त्री: मधेच बेल कुठून आली? नवीन आहे. ही गेली, मग मुलगा परत जायला निघाला तेव्हा बसवून दिली. पक्षी बोलतो म्हणे.

गाडीवाला: म्हणे?

मिस्त्री: त्याने बटण दाबलं आणि विचारलं, छान आहे ना? त्याला गाडी गाठायची होती. मी म्हटलं, छान आहे.

गाडीवाला: मी तीनदा वाजवली ती.

मिस्त्री: कधी?

गाडीवाला: वहिनी गेल्यावर, तीन-चार महिन्यांत. तीनदा. पहिल्यांदा वाटलं, झोपला असेल. दुसऱ्यांदा वाटलं, कुणाला भेटावंसं वाटत नसेल. तिसऱ्यांदा खिडकीतून बघितलं. दिवा होता, तू खुर्चीत होतास. पाच-सहा वेळा वाजवली. मान वळवली नाहीस. मग मी म्हटलं, संपलं. आता पुन्हा इथे यायचं नाही.

मिस्त्री: दार वाजवायचं. हाक मारायची.

गाडीवाला: घरात बसलेला माणूस बेल ऐकून उठत नाही म्हटल्यावर त्याला हाका मारायच्या? मलाही काही अभिमान आहे. आणि तू? तू का नाही आलास?

मिस्त्री: मी कशाला येऊ? मला वाटलं, माणसं हिच्यासाठी यायची. हिचा चहा, हिच्या गप्पा. ही गेली, तशी यायची थांबली. मग मी कुणाच्या दारात जाऊन उभा राहू? रोज संध्याकाळी दिवा लावायचो आणि दाराकडे पाठ करून बसायचो. दाराकडे बघत बसलेला माणूस बरा दिसत नाही.

गाडीवाला: ती पाठच बघितली मी.

मिस्त्री: आणि बाकीचे? तेही येत होते का?

गाडीवाला: बाकीच्यांचं मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू? मी तीनदा आलो.

मिस्त्री: तीनदा म्हणजे पुष्कळ झालं. फार एकटं वाटायचं रे. आता बोलून दाखवतोय, तेव्हा भिंतीला सांगायचो.

गाडीवाला: मी गाडीच्या काचेला. चल, ती शिट्टी काढ आधी. तशी सोडलीस तर पाचवा मी.

मिस्त्री: कशी काढू? आता कळलं ना तुला, मला ती येतच नाही.

गाडीवाला: कान माझा, हात तुझा.

मिस्त्री: …बस आत. रेस धर एकसारखी. मी ही गाण्याची वायर डब्यातून उपटतो. आता?

गाडीवाला: आता नाही.

मिस्त्री: परत लावली.

गाडीवाला: आली.

मिस्त्री: म्हणजे डबा निर्दोष आहे. अर्थिंग. काळी वायर सीटच्या बोल्टला दिली मी, आणि बोल्टला कंपनीचा रंग. अरे देवा. हाताखालच्या प्रत्येकाला ओरडत आलो आयुष्यभर, आधी रंग खरवडा, उघडं लोखंड दिसू द्या, मग वायर आवळा. आणि मीच विसरलो.

गाडीवाला: विसरलास की आळस केलास?

मिस्त्री: हल्ली म्हणायचो, राहू दे, शिट्टी आली तर बघू. आणि ती कधी आलीच नाही. मला वाटलं, हात इतका बसलाय की आता रंगसुद्धा आडवा येत नाही. कानस दे ती. मी आत जातोय, गेली की ओरडून सांग.

गाडीवाला: खरवड.

मिस्त्री: काय?

गाडीवाला: खरवड म्हटलं!

मिस्त्री: खरवडतोय. एवढा चिवट रंग माणसांना दिला असता तर पन्नाशीत पोपडे उडाले नसते.

गाडीवाला: मिस्त्री, दुसरं काम सांगतो. तू आत आहेस तोवर सांगतो. तुझ्या तोंडाकडे बघून जमत नाहीये, सकाळपासून बघतोय.

मिस्त्री: मोठ्याने!

गाडीवाला: अक्का गेली!

मिस्त्री: गेली ना? मी म्हटलं नव्हतं, रंगच आहे म्हणून?

गाडीवाला: अक्का गेली म्हणतोय!

मिस्त्री: हो हो, गेली, ऐकलं. एकदम गेली की थोडी आहे अजून?

गाडीवाला: एकदम गेली. झोपेतच.

मिस्त्री: वा. अशीच जायला पाहिजे. एकदा मुळावर हात पडला की… झोपेत? झोपेत कोण?

गाडीवाला: बाहेर ये.

मिस्त्री: झोपेत कोण म्हणालास?

गाडीवाला: डोकं सांभाळ, दार लागेल. अक्का.

मिस्त्री: आपली अक्का?

गाडीवाला: आपली.

मिस्त्री: मी ‘वा’ म्हणालो.

गाडीवाला: तुला काय माहीत?

मिस्त्री: अशीच जायला पाहिजे, म्हणालो.

गाडीवाला: ते खोटं नाही. त्रास नाही झाला तिला.

मिस्त्री: केव्हा?

गाडीवाला: आठ महिने होतील.

मिस्त्री: आठ महिने? आणि आज सांगतोस? मी चार वर्षं जेवलो तिच्याकडे. माझं लग्न जमलं तेव्हा तिने मुलगी पाहिली, माझ्या आईच्या जागी उभी राहिली. तिला न्यायला मी नसावं? कोणी म्हणजे कोणीच मला कळवू नये?

गाडीवाला: कोण कळवणार होतं? ती तिकडे परगावी, आपली इकडची माणसं कोणी तिला ओळखत नाहीत. मीच कळवणार होतो. सकाळी फोन आला, तसा निघालो, काही सुचत नव्हतं. तिकडचं सगळं आटोपलं आणि तिसऱ्या दिवशी परत फिरलो. स्वतःच्या घरी नाही गेलो, गाडी सरळ तुझ्या दाराशी लावली. म्हटलं, हे सांगायला आता एकच माणूस उरलाय. तेव्हाची ती बेल, पाच-सहा वेळा वाजवली ती.

मिस्त्री: आणि मी पाठ करून बसलो होतो.

गाडीवाला: हो.

मिस्त्री: तुला एक सांगू? मी तिच्यावर रुसलो होतो. सगळ्यांनी टाकलं तर टाकलं, पण अक्कानेसुद्धा एक निरोप धाडू नये? जेवतोस का, म्हणून विचारू नये? आठ महिने मी त्या बाईवर रुसून बसलो. आणि ती नव्हतीच रे.

गाडीवाला: तिला राग नसता आला. रुसायलाही आपलं माणूस लागतं.

मिस्त्री: शिट्टी आहे अजून?

गाडीवाला: आहे. बारीक.

मिस्त्री: राहू दे. इंजिन बंद कर.

गाडीवाला: केलं.

मिस्त्री: खाली उतर. या स्टुलावर बस, असा समोर. हं. आता पहिल्यापासून सांग. मी अजून काहीच ऐकलेलं नाहीये.