शिवलिंगप्पाचा धूर परळीत

...आणि वर मलाच म्हणतो, "आबाराव, तुमच्या डिझेल इंजिनानं माझी मिरची काळी पडली." तुम्हाला सांगतो, धूर निघतो. म्या कधी न्हाय म्हणलं? चार वर्सं निघतोय, माझ्याच नाकात जातोय. पण ह्या शिवलिंगप्पानं ऐन दुष्काळात आमच्या सामाईक विहिरीवर विजेची मोटार बसवली, आणि बटण दाबून असा उभा राहतो, जसं काही पाणी हाच वर ओढतोय. मी एवढंच विचारलं, तुमचा धूर कुठं गेला, ते सांगा.

विहिरीत पाणी पुरुषभर. माझ्या अर्ध्या एकर उसाला एक पाणी दिलं की ऊस ढोकीच्या कारखान्याला जाणार, त्याच्या मिरचीलाही तेवढंच हवं. दोन यंत्रं चालली तर दोघांचंही वाळणार. सोसायटीचा चेअरमन उत्तरेश्वर बांधावर आला, घसा साफ केला, "एकच यंत्र ठेवा. कमी खाऊन जास्त पाणी काढील ते राहील. दुसऱ्यानं त्याच्याकडं पाळी मागायची."

मागायची? म्या? ह्याच्या बटणाला हात जोडू?

मोजायला कोण आणला, तर शिवलिंगप्पाचा जावई महारुद्र, परळीच्या वीजघरात नोकरीला. म्हणलं, झालं, सासऱ्याच्याच पारड्यात बसणार. पोरगं मात्र सरळ. म्हणालं, "काका, एक लिटर डिझेलात दहा युनिटांची ताकद असते. तुम्ही एक लिटर ओता. मामा, तुमच्या मीटरवर दहा युनिट होऊ द्या. वाफे मोजू." आणि कुणाचा फायदा नको म्हणून पाणी सोडलं कुठं? मधल्या पडीक रानात, वाफे पाडून. उत्तरेश्वरचा न्याय. आम्ही दोघांनी माना डोलावल्या, लई खूश होऊन डोलावल्या.

माझ्या इंजिनानं नऊ वाफे भरले अन् बंद पडलं. त्याची मोटार चोवीसवर गेली. शिवलिंगप्पा गालात हसतोय. महारुद्र म्हणाला, "काका, तुमच्या दहातले सात तापण्यात अन् धुरात गेले." बरं, गेले. मग मी म्हणलं, जावईबापू, तुमच्या परळीत वीज कशावर होते? "कोळशावर." तिथं चिमणी आहे? "आहे की, लई उंच." मग सासऱ्याचा धूर कुठं गेला, ते सांगा.

पोरगं खरं बोललं... नोकरीतली माणसं एवढी खरं बोलत न्हायत, हे बोललं. "कोळशाची दहा युनिट जाळावी तेव्हा तीन युनिट वीज होते, काका. उरलेली तिथंच जातात." शिवलिंगप्पा कडाडला, "जावई कुणाचा तू?"

म्हणजे ह्याचेही सातच गेले, फक्त दुसऱ्याच्या गावात गेले. मिरची परळीतल्या माणसाची काळी पडली तर ती मिरची न्हाय का? मी हटून बसलो. ह्याला तीनच युनिट मोजा, अन् पहिल्यापासनं चालवा. द्वारका, आमची मंडळी, बांधावरनं म्हणाली, "अहो, विहिरीत वाकून तरी बघा." मी म्हणलं, इथं न्यायाचं चाललंय, तू मधी पडू नको.

दोन्ही यंत्रं पुन्हा चालू. एकाचा धूर इथं, एकाचा परळीत. पाचवा वाफा दोघांचा बरोबरीनं चालला होता, अन् दोघांच्या पायपातनं एकदमच फुस्स... गाळ. महारुद्र दोर धरून खाली उतरला, वर आला तो गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून. म्हणाला, "काका, झरासुद्धा न्हाय."

आठ दिवसांनी ऊस कापून छावणीतल्या गुरांना घातला. त्याची मिरची झाडावरच वाळली. पडीक रान तेवढं हिरवं झालं, काँग्रेस गवत उगवलं त्यात, गुरंही तोंड लावीनात.

मग विहिरीवरनं यंत्रं काढली. माझं इंजिन उचलायला सहा माणसं लागली. त्याची मोटार दोघांनीच नेली. शिवलिंगप्पा म्हणाला, "बघा आबाराव, हलकी आहे."

तेवढं मी मान्य केलं.