मकरंदने न सोडलेला हिटर

मंडळी, दुपारी अनघावहिनींच्या भावाने कळवलं, कागदपत्रं पूर्ण झाली. उद्या सकाळच्या विमानाने मकरंदला मुंबईला आणि तिथून साताऱ्याला नेतील. तिथे त्याची आई वाट पाहत आहे.

तुम्ही सगळे आलात. काहीजण शिफ्ट बदलून पार लांबच्या झल्लाकहून आलात. इथे आखातात, उम्म अल हस्समच्या एकाच इमारतीत आम्ही राहायचो. संध्याकाळी जिन्यात हसून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी हृदयविकाराने जातो. ह्यावर काय बोलणार?

म्हणून त्याच्या बेसबॉलबद्दल बोलतो. वहिनींना, त्यांच्या लेकीला, रेवाला, आणि सावंतला विचारूनच बोलतो आहे.

आमच्या ऑफिसात एक अमेरिकन साहेब होते. त्यांनी बेसबॉलची फॅन्टसी लीग सुरू केली. खरे खेळाडू तिकडे अमेरिकेत खेळतात. आपण फोनवर त्यांतले काही निवडून आपली टीम बनवायची. त्यांनी तिकडे मारलं, की गुण इकडे आपल्याला. साहेब मायदेशी परतले, आम्ही मराठी माणसं खेळतच राहिलो. कारभार माझ्याकडे, नियम मकरंदचे.

मकरंदच्या टीममध्ये एक हिटर, म्हणजे बॅटने बॉल फटकावणारा, आहे. सीझनच्या सुरुवातीला त्याने धमाल केली. मग बिघडला. त्याच्या संघाने त्याला फलंदाजीच्या क्रमात खाली ढकललं, कधी बाकावर बसवलं. आमच्या लीगमध्ये त्याला कोणी विचारेना. कंपनीची गाडी चालवणारा आमचा कुडाळचा सावंत रोज सकाळी गाडीत डिवचायचा, ‘मकरंदभाऊ, ह्यो खलास. माका द्या, फुकट सांभाळतंय.’

मकरंद म्हणायचा, ‘सावंत, तू स्कोअर बघतोस, मी बॉल बघतो. बॉल अजून कडक लागतोय त्याच्या बॅटला. नेमका फिल्डरच्या हातात जातोय, त्याला तो काय करणार?’

‘मग त्या फिल्डराकच घेवा टीममध्ये.’

मकरंद गेला, त्याच्या दुसऱ्या सकाळी त्या हिटरने होमरन, म्हणजे त्यांचा षटकार, मारला. परवा पुन्हा मारला. गुण मकरंदच्या नावावर जमा होताहेत. फोन उघडला की त्याची टीम वर सरकलेली दिसते. ते बघवत नाही. आणि बंदही करवत नाही.

सावंतने सवयीने लीगच्या ग्रुपवर लिहिलं, ‘तो हिटर आता मोकळा काय?’ लगेच पुसलं. पण रेवाने वाचलं होतं. दहावीतली पोर, बाबांचा फोन तिच्याच हातात होता.

सावंतने वावगं काही विचारलं नव्हतं. नियमच तसा आहे. जो आठवडाभर टीमकडे बघत नाही, तो ‘गेला’ असं धरायचं आणि त्याचे खेळाडू इतरांना मोकळे करायचे. शब्द मकरंदचाच. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. गेला म्हणजे कंटाळला, एवढाच अर्थ होता त्याचा. उद्या तो आठवडा भरतो.

काल वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, बंद करा ते. पोरगी उठल्या उठल्या तेच बघते. तिला वाटतं, बाबा खेळताहेत.’

रेवा शेजारीच होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. ‘आय नो ही इज नॉट, आई.’ मग माझ्याकडे वळली. ‘अंकल, विल इट वर्क फ्रॉम सातारा?’

मकरंदच्या व्हिसावर ह्या दोघी इथे होत्या. तो व्हिसा आता बंद होईल. शाळा, मैत्रिणी, घर, सगळं इथेच राहणार. चालेल म्हणालो. मागून सावंत म्हणाला, ‘चालतला गो बाय. नेट असला की झाला.’

वहिनींचंही खरं आहे. दुःख असं रोज सकाळी उघडून बघावं का?

मकरंद, तुझा नियम आम्ही मोडतो आहोत. सीझन संपेपर्यंत तुझ्या टीमला कोणी हात लावणार नाही. ती ठेवायची की बंद करायची, ते मायलेकी साताऱ्याला पोचल्यावर ठरवतील. उद्या पहाटे तो हिटर खेळायला उतरेल, तेव्हा रेवा विमानतळावर असेल.

चला, उभे राहूया. रेवा, तू आईजवळ ये. आता थोडा वेळ कोणीच काही बोलायचं नाही.